चुलीखालचे ठोके

कामान्सीच्या डोंगरावर मी सोन्यासाठी गेले नव्हते. सोळा माणसांचा स्वयंपाक करायला गेले होते, आणि तोही नवऱ्याच्या हट्टापायी. हे आधीच सांगून टाकते, कारण आता खाली तागुमच्या बाजारात कुणी जुनं माणूस भेटलं की पहिला प्रश्न तोच. मनांग सियोन, तुम्ही त्या वेळी वर होतात ना, मग किती कमावलंत? मी हातावरचे भाजल्याचे डाग दाखवते आणि सुक्या मासळीचा भाव विचारते. मनांग म्हणजे थोरली बहीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे बाप्येही मला तेच म्हणतात, त्याचं कारण पुढे येईल.

डोंगरातल्याच कुणाला तरी ओढ्यात पिवळी रेघ असलेला दगड मिळाला, तिथून सगळं सुरू झालं म्हणतात. तो कोण हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं. दारूच्या प्रत्येक गुत्त्यात त्याचा एक नवा चुलतभाऊ भेटायचा. आम्ही पंचाऐंशी साली पोचलो तोवर वर चाळीस हजार माणूस जमलं होतं. नारळ पाडणारे, केळीच्या मळ्यातून पळालेले, शाळा सोडून आलेले मास्तर, फौजेतून पळालेले दोघे, आणि झगा गुंडाळून ठेवलेला एक पाद्री, जो दगडाची पोती वाहायचा आणि शिव्या मात्र बाकीच्यांपेक्षा चांगल्या द्यायचा. झोपड्या उतारावर एकीच्या डोक्यावर एक अशा चिकटलेल्या. नकाशा वगैरे भानगड नव्हती. ज्याला जिथे वाटेल तिथून तो डोंगरात शिरायचा, आणि कुणाच्या बिछान्याखालून कुणाचा बोगदा गेलाय हे सुरुंग उडाल्यावरच कळायचं. माझ्या फळीवरच्या बश्या दिवसातून वीस वेळा वाजायच्या. पहिला महिनाभर मी दचकायचे, मग दचकायचा कंटाळा आला.

माझा नवरा क्रिस्पुलो, मी पुलो म्हणायचे. तो उत्तरेकडचा, पाराकालेचा. त्यांच्याकडे आजोबा-पणजोबांपासून सोनं खणतात, त्यामुळे आमच्या बोहोल बेटावरच्या माणसांना सोन्यातलं काय कळतं, असा त्याचा तोरा. बोगद्यात सगळ्यांत पुढे राहून दगड फोडतो त्याला आमच्यात अबांतेरो म्हणतात. मागचे नुसती पोती ओढतात. पुलो अबांतेरो होता. दोरी आणि जुनं होकायंत्र एवढ्यावर तो अंधारात सांगायचा, आपल्या डोक्यावर आत्ता अमक्याचं घर आहे. बाहेर येऊन पावलं मोजली की खरंच तेच घर निघायचं. ह्या गोष्टीची त्याला भारी घमेंड होती. घरातली मीठ-साखर कुठे आहे हे मात्र त्याला शेवटपर्यंत सापडलं नाही.

त्याच्या गावाकडची एक रीत त्याने बरोबर आणली होती. दारावर थाप मारली की लगेच म्हणायचं, ताओ पो. म्हणजे, माणूस आहे हो. ‘मी आहे’ असं नाही, ‘अमका आहे’ असंही नाही, तर ‘माणूस आहे’. कारण थाप कुणीही मारू शकतं. दिसत नाहीत त्यांचं नाव आम्ही घेत नाही, ‘आपल्यासारखे नसलेले’ एवढंच म्हणतो. ते थाप मारतील, आपल्या माणसाचा आवाज काढतील, पण ‘माणूस आहे’ हे शब्द त्यांच्या तोंडून निघत नाहीत. बोहोलला माझ्या आईनेही मला हेच शिकवलं होतं, फक्त शब्द वेगळे. नुसत्या थापेला ओ द्यायची नाही. डोंगरावर तर सगळेच हे पाळायचे. आत जीव मुठीत धरून काम करणारी माणसं, ती काय काय पाळत नव्हती विचारा. बोगद्यात शीळ घालायची नाही, बायकांनी पाऊल ठेवायचं नाही, नवीन तोंड फोडायचं तर आधी पांढऱ्या कोंबडीचं रक्त.

पुलोची थाप ठरलेली. दोन सावकाश, बोटांनी, आणि तिसरी तळहाताने, जड. मग, “माणूस आहे हो.”

“दिसत तर नाही,” मी आतून म्हणायचे. चिखलाने तो डोक्यापासून पायापर्यंत लडबडलेला असायचा.

“आंघोळ घाल, मग दिसेन.”

आमचा संसार म्हणजे साधारण एवढाच. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती.

आमच्या झोपड्यांच्या वरच्या अंगाला एका निवृत्त कप्तानाचा बोगदा होता. आतले लाकडी टेकू कुजले, दोन माणसं दगावली, म्हणून फळ्या ठोकून बंद केलेला. पण आत तळहाताएवढ्या जाडीची सोन्याची शीर तशीच राहिलीय, असं सगळा डोंगर म्हणत होता. माणसं कुठल्या कुठल्या जुन्या बिळांतून त्यात शिरायची आणि पोतंभर घेऊन यायची. पुलोच्या डोळ्यांत ते शिरलेलं मला दिसत होतं. मी त्याला सांतो निन्योच्या मूर्तीपुढे उभं केलं आणि वदवून घेतलं की त्या बोगद्यात पाय टाकणार नाही. टाकलास तर मी बोहोलला गेले म्हणून समज. तो म्हणाला, नाही टाकणार. बाळ येशूच्या तोंडाकडे न बघता म्हणाला, ते मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

त्या महिन्यात त्याची दाढ दुखत होती. गाल सुजून एक डोळा बारीक झालेला. मी रोज त्याचं डोकं खायचे, खाली जा आणि उपटून ये. सोमवारी सकाळी तो आपण होऊन म्हणाला, जातो तागुमला. भावाकडे राहीन दोन-चार दिवस, सूज उतरली की येतो. मला बरं वाटलं. मी त्याला धुतलेला पांढरा सदरा दिला, इतकी मी खूश होते. बरोबर तेओफिस्तो आणि मेल्चोर होते, त्यांना म्हणे खाली काम होतं. तेओफिस्तो पन्नाशीचा, सेबूकडचा मासेमार, आमच्याच पंगतीत जेवायचा; आम्ही त्याला नॉय म्हणायचो, म्हणजे थोरला भाऊ. तीन बाप्ये एका दातासाठी खाली निघाले, आणि मला काही वाटलं नाही.

मंगळवारी दुपारी पाळी बदलली. तेव्हा अर्धा तास डोंगर गप्प असतो, ना सुरुंग ना यंत्रं. मी मूग निवडत होते. माझी चूल म्हणजे उघड्या खडकावर मांडलेले दगड, आणि मागे डोंगराचीच भिंत. तिथे खालून ठोके आले. दोन सावकाश, तिसरा जड. मग थांबलं. मग परत.

शेजारची पुरिंग कपडे धुण्याचं काम करायची. ती दोरीवर चादर टाकता टाकता थबकली. “सियोन, तुझ्या चुलीखाली भाडेकरू आलाय वाटतं.”

“भाडं तूच गोळा कर मग.”

आम्ही हसलो. ठोके परत आले. मग नाही हसलो.

मक्याचे दाणे कुटायचं मुसळ माझ्या हाताशी होतं. मी ते उचललं. उलटं धरून खडकावर टेकवलं, एक ठोका द्यायला हात वर नेला. आजही तो हात तिथेच वर आहे असं मला कधी कधी वाटतं. पण मी वाट बघितली. थापेनंतर शब्द यायला हवेत ते आले नाहीत. परत थाप, परत काही नाही. मी मुसळ भिंतीला लावून ठेवलं आणि पुरिंगला म्हटलं, तातय अन्सिंगला बोलाव.

तातय म्हणजे बाबा. अन्सिंग म्हातारा, सगळ्यांना बापासारखा. कुठलाही बोगदा उघडायचा तर कोंबडी त्याच्या हातून कापली जायची. पूर्वी नारळावर चढायचा, आता चढता येत नव्हतं म्हणून माडी नुसती प्यायचा. आला, पालथा झोपला, कान खडकाला लावला.

“कधीपासून?”

“आत्ता दुपारपासून. तीन ठोके, मग थांबतं.” आणि मग मी ते बोलले. “तातय, ही पुलोची थाप आहे. पुलो दार असंच वाजवतो.”

“पुलो कुठंय?”

“तागुमला. दाढ काढायला गेलाय.”

“मग तागुमला गेलेला माणूस तुझ्या चुलीखाली काय करतोय?”

मी मुगातला एक खडा काढून टाकला.

“थापेनंतर बोललं काही? माणूस आहे म्हणालं?”

“नाही.”

“झालं तर. अगं बाई, परक्याची थाप उचलून तू फसशील का? ते नेहमी घरच्याचीच उचलतात. जितकी हुबेहूब, तितकं सांभाळून राहायचं.” तो उठला, गुडघे झाडले. “उलटा ठोका दिला नाहीस ना?”

“नाही दिला.”

“शहाणी आहेस.”

बुधवारी सकाळी पांढरी कोंबडी आली. तोवर ठोके रात्रभर मध्ये मध्ये येत होते, मी रेडिओ मोठा करून झोपले होते. म्हाताऱ्याने रक्त खडकावर शिंपडलं, काहीतरी पुटपुटला, कोंबडी स्वतःच्या पिशवीत टाकली. तीन दिवस चूल थंड ठेवायची, घरात कुणी वावरायचं नाही, बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही. म्हणजे ते समजतात की इथे आता कुणी नाही, आणि निघून जातात. मी भांडी उचलून पुरिंगच्या अंगणात नेली आणि सोळा माणसांची दुपारची आमटी तिथे टाकली. त्याच दुपारी ठोके बंद झाले. पुरिंग कान लावून आली आणि म्हणाली, गेले बाई, रक्त पावलं. मी छातीवर क्रूसाची खूण केली. मला मोकळं वाटलं. कशाला खोटं बोलू, मला त्या दिवशी छान झोप लागली.

पण डोंगरावर एकही गोष्ट लपत नाही. अर्ध्या लोकांची भीती वेगळी आणि अर्ध्यांची हाव वेगळी. आपल्यासारखे नसलेले जिथे बसतात तिथे सोनं असतं, हेही सगळ्यांना ठाऊकच. गुरुवारी सकाळी माझ्या थंड चुलीसमोर रांग. एक म्हणतो झोपडी विकतेस का, दुसरा म्हणतो नुसती चूल विक. तो पाद्री तर तीर्थाची बाटली घेऊन आला आणि बदल्यात चार आणे वाटा मागू लागला. मी सगळ्यांना हाकललं.

मग ग्रेगो आला. खालच्या अंगाच्या बोगद्याचा मालक, सगळे त्याला बॉस म्हणायचे. जाडा, सतत घाम पुसणारा, भित्रा नव्हे.

“सियोन, मला घर नको, चूल नको. नुसतं बोट दाखव. ठोके कुठून आले?”

“तातय म्हणाला तीन दिवस—”

“तू आत जाऊ नकोस ना. दारातून दाखव. माझी माणसं खालून इथवर आलीच आहेत, थोडं वळवलं की झालं. भेटलं तर तुला तांदळाचं पोतं.”

मी दारात उभी राहून बोट दाखवलं. त्याने आत जाऊन खडूने फुली मारली आणि पावलं मोजत निघून गेला. मी एवढंच केलं. ह्याहून जास्त काही नाही.

रविवारी दुपारी त्यांच्या सुरुंगाने भगदाड पडलं. सोनं आहे का बघायला पहिला आत गेला तो ओरडत बाहेर आला, आत माणूस आहे म्हणून. मी पुरिंगच्या अंगणात भात वेळत होते. कुणीतरी माझं नाव घेत पळत आलं. मी पातेलं खाली ठेवलं, झाकण लावलं, हात पुसले. झाकण लावायची काय गरज होती, पण लावलं.

मेल्चोर पहिल्याच दिवशी दरडीखाली गेला होता. पुलोला पोत्यावर घालून आणलं. शनिवारी गेला असावा म्हणाले. गाल तसाच सुजलेला होता, दाढ तोंडातच होती. धुतलेला सदरा त्याने घडी करून टेकूच्या खिळ्याला अडकवला होता, मळू नये म्हणून. तो मला वेगळा आणून दिला. तेओफिस्तो जिवंत होता. भिंतीला पाझरणारं पाणी चाटून राहिलेला. त्याला माझ्यासमोरून नेताना त्याने माझा हात धरला आणि सोडेचना.

बोगदा कप्तानाचाच होता; तोंड वर असलं तरी आत तो उतरत उतरत माझ्या चुलीखालपर्यंत आला होता. सोमवारी खाली जायचं सांगून तिघे वळसा घालून एका जुन्या बिळातून शिरले होते आणि संध्याकाळी मागे दरड बसली. पुलोने जागा मुद्दाम निवडली होती. दोरी टाकून, मोजून. ग्रेगोच्या माणसांनी नंतर मापून सांगितलं, माझी चूल आणि तो ह्यांच्यामध्ये दोन पुरुष दगड होता. त्याला तडे गेलेले. वरून पहारी घेऊन चार जण बसले असते तर एका दिवसाचं काम. हे मला एकाने जेवता जेवता सांगितलं, हिशेब जमल्याच्या आनंदात. मी त्याला आणखी मासळी हवी का विचारलं.

मला रडू आलं नाही. बायका माझ्याभोवती बसून रडल्या, मी त्यांना पाणी दिलं. नऊ दिवस प्रार्थना झाल्या, रोज रात्री आल्या-गेल्यांना बिस्किटं आणि कॉफी. कॉफी मीच ढवळत होते. तातय अन्सिंग एकदाही आला नाही. मी त्याला दोष देत नाही आणि माफही करत नाही, माझ्याने दोन्ही होत नाही.

नवव्या दिवशी तेओफिस्तो काठी टेकत आला. माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

“ह्या बाईमुळे मी जिवंत आहे. दरड बसल्यावर मेल्चोर गेला, मी तर हातपाय गाळले. पुलो म्हणाला, घाबरू नकोस नॉय, आपल्या बरोबर डोक्यावर माझी बायको स्वयंपाक करते. तिचे कान मांजरीचे आहेत. आणि आम्हाला सगळं ऐकू येत होतं. पातेलं ओढलेलं, मुसळ, रेडिओ. तो घणाने वर ठोकायचा, आणि प्रत्येक वेळी ओरडायचा, ताओ पो. माणूस आहे हो. गाल इतका सुजलेला की नीट शब्द फुटत नव्हता, तरी ओरडायचा. मी म्हटलं, अरे आवाज नाही जाणार, घाव जातो, आवाज दगड खातो. तो म्हणाला, तिला हे लागतं, त्याशिवाय ती दार उघडत नाही.”

बायका हुंदके देत होत्या. मी बसले होते.

“मग बुधवारी वरचं सगळं बंद झालं. भांडं नाही, पाऊल नाही. मी म्हटलं, गेली, संपलं. पुलो हसला. म्हणाला, मूर्खा, ती माणसं आणायला गेली. आता ठोकू नकोस, हवा वाचव. तेव्हापासून आम्ही गप्प पडून राहिलो. आणि बघा, आणलीच की माणसं. बॉस ग्रेगो स्वतः सांगतो, जागा हिने दाखवली.”

ग्रेगो मागे उभा होता. त्याने मान हलवली. “खरं आहे, बोट हिनेच दाखवलं.”

पुरिंग माझ्याकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. कोंबडी तिच्याच खुराड्यातली होती. ती काही बोलली नाही, नंतर कधीही बोलली नाही, आणि दोन महिन्यांनी डोंगर सोडून गेली. मीही काही बोलले नाही. तोंड उघडलं असतं तर काय बाहेर आलं असतं ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मला सगळे मनांग म्हणतात, म्हातारेसुद्धा. नवरा गमावला पण त्याच्या जोडीदाराला वाचवलं, ती बाई. नवीन माणूस आला की त्याला माझी झोपडी दाखवायचे. ग्रेगोने तांदळाचं पोतं दिलं आणि ते आम्ही खाल्लं.

मी आणखी सहा वर्षं वर होते. त्याच चुलीवर. लोकांना वाटायचं नवऱ्याच्या आठवणीसाठी. खरं म्हणजे कुठे जायचं तेच सुचत नव्हतं. सुरुंग उडायचे, बश्या वाजायच्या. दुपारी पाळी बदलली की मी बाजूच्या ओढ्यावर जाऊन बसायचे, तिथे पाण्याचा आवाज असतो. मग शीर आटली, मालक बदलले, माणसं दुसऱ्या डोंगराकडे धावली, आणि मी खाली तागुमला येऊन खाणावळ घातली. वरच्या चाळीस हजारांतले सोनं घेऊन उतरलेले मला हाताच्या बोटांवर मोजता येतात. बाकीचे माझ्याकडे जेवायला येतात.

तेओफिस्तो परत सेबूला गेला आणि मासे धरायला लागला. पण दर वर्षी त्याच रविवारच्या सुमारास बोट धरून, बस धरून तो यायचा. कधी खारवलेले मासे, कधी पुतणीच्या हातचे लाडू, तांदळाचे आणि नारळाचे. दुपारी जेवायचा, पुलोच्या थडग्यावर मेणबत्ती लावायचा आणि संध्याकाळच्या बसने परत. आम्ही फारसं बोलत नव्हतो. मला तो यायला नको असायचा, आणि उशीर झाला की मी रस्त्यावर जाऊन बघायचे.

शेवटचा आला तेव्हा सत्तरी उलटलेली, कमरेत वाकलेला. ताट पुढ्यात घेऊन बसला, पण जेवेना. भातात बोट फिरवत राहिला.

“काय झालं नॉय? खारट झालं का?”

“नाही गं.” त्याने बोटाला चिकटलेलं शीत पुसलं. “मनांग, तुला एक विचारायचंय. दर वर्षी विचारायचं म्हणून येतो आणि तसाच जातो.”

“विचार.”

“शेवटच्या दिवशी, शनिवारी, पुलोला फारसं भान नव्हतं. पण कान भिंतीला लावून होता. एकदम माझा हात दाबून म्हणाला, ऐकलंस का, ती ठोकतेय. वरून ठोकतेय. मी कान दिला. मला काही ऐकू आलं नाही, मनांग. काही म्हणजे काही नाही. पण तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हटलं, हो, ऐकू येतंय, ठोकतेय. तो हसला, आणि मग थोड्या वेळाने गेला.” त्याने डोळे पुसले नाहीत, ते तसेच वाहू दिले. “मरणाऱ्या माणसाशी मी खोटं बोललो की काय, एवढंच मला वीस वर्षं टोचतंय. तू शनिवारी ठोकलं होतंस का?”

शनिवारी मी पुरिंगच्या अंगणात होते. भोपळा चिरत होते. कुणाच्या तरी बाळाच्या बारशाचं ठरत होतं आणि आम्ही नावांवरून हसत होतो, तेही मला आठवतं.

“हो,” मी म्हटलं. “ठोकलं होतं.”

“खरंच?”

“मुसळाने. तीनदा. तुझे कान तेव्हापासूनच अधू असतील.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्याचे खांदे खाली आलेले दिसले.

“मग मी खोटं नाही बोललो,” तो म्हणाला.

“नाही.”

त्याने एक घास खाल्ला, मग दुसरा. मासळी छान झालीय म्हणाला. ताट रिकामं करून पुढे सरकवलं, आणि मी त्याला आणखी भात वाढला.